आईला इथली भाषा येत नाही

पाहुणा येणार हे थोरल्याने आदल्या दिवशी जाहीर केलं आणि तेव्हापासून घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आता या घरातला अबोला म्हणजे शांतता, असं कोणी समजू नये. अबोला धरला की इथे कपाटांची दारं जास्त आपटतात, भांडी जास्त घासली जातात आणि जो तो भिंतीला उद्देशून बोलायला लागतो. सकाळपासून भिंतीने बरंच ऐकून घेतलं होतं.

"काही लोकांना घरात आग आणून ठेवायची हौस असते," नणंद भिंतीला म्हणाली. ती टॅक्सी चालवायची. रस्त्यावर कमावलेली जीभ घरात शिरताना काढून ठेवायची तिला सवय नव्हती.

"काही लोकांना सख्ख्या भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही," थोरली जाऊ त्याच भिंतीला म्हणाली आणि सोफ्यावरची उशी पुन्हा एकदा बडवून जागेवर ठेवली.

धाकटी सून चहाचे कप पुसत उभी होती. कप कधीच पुसून झाले होते, पण हातात काही असलं की तोंड बंद ठेवायला सोपं जातं, आणि आज तिला ते बंदच ठेवायचं होतं. एरवी तोंड हाच तिचा धंदा. पालिकेच्या दुभाषी सेवेत ती कामाला होती. इस्पितळात, कोर्टात, शाळेच्या ऑफिसात, जिथे म्हणून घरची भाषा बोलणारा माणूस इथल्या भाषेपुढे अडायचा, तिथे मध्ये बसायचं आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचं. "चहाडखोरही हेच करतात की," असं थोरली जाऊ एकदा म्हणाली होती. त्यावर धाकटीने तिला शांतपणे सांगितलं होतं, की दुभाष्याला पदरचं काही घालता येत नाही आणि समोरच्याचं काही खाताही येत नाही.

ही सेवा बंद करायचा ठराव बुधवारी पालिकेच्या सभेत यायचा होता, आणि तो आणणारा नगरसेवक हाच आजचा पाहुणा. ‘एक शहर, एक भाषा’ अशा पाट्या त्याच्या पक्षाने विजेच्या खांबाखांबावर टांगल्या होत्या, आणि जणू खांबांनीच रांग लावून मतं दिल्यासारखा तो दणदणीत निवडून आला होता. तरी सभेत बाजू जवळजवळ समसमान होत्या. तिघे सभासद कुंपणावर बसले होते. ज्यांच्यासाठी सेवा चालवायची त्यांनाच ती नको आहे, एवढं कोणी त्यांच्यासमोर उभं राहून म्हणालं की ते पलीकडे उडी मारायला मोकळे. आणि हे म्हणायला उभा राहणार होता या घरचा थोरला मुलगा, तीन लॉन्ड्र्यांचा मालक, झोपतानाही इस्त्री मोडू न देणारा माणूस. बदल्यात पुढच्या निवडणुकीला पक्षाचं तिकीट.

आजची ही त्याची रंगीत तालीम होती. नगरसेवक घरी येणार आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर आई बोलणार.

"दोनच वाक्यं आहेत आई," थोरला म्हणाला. तो आईच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला होता, पँटची घडी सांभाळत. "'मी इथली भाषा स्वतः शिकले. मला कधी दुभाष्याची गरज पडली नाही.' एवढंच. खोटं आहे का यात काही?"

आईने मांडीवरच्या कोटाच्या अस्तराला टाका घातला. सगळी गल्ली तिला कात्रीबाई म्हणायची. खाली तिचं कपडे उसवून-शिवून देण्याचं दुकान, वर हे घर. लग्न होऊन या शहरात आली तेव्हा तिला इथल्या भाषेत नमस्कारही म्हणता येत नव्हता. आता ती त्या भाषेत गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, पालिकेच्या माणसाशी भांडायची आणि गल्लीत चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला अशा काही शिव्या द्यायची, की इथलेच लोक खिडक्या उघडून त्या शिकून घ्यायचे.

"भाऊजी," धाकटी न राहवून म्हणालीच, "परवा बाळंतिणीच्या वॉर्डात एक बाई होती. ऑपरेशनला हो म्हण, असं सगळे तिला सांगत होते आणि ती मान हलवत होती. कशाचं ऑपरेशन तेच तिला कळलं नव्हतं. बुधवारनंतर तिच्याशेजारी कोण बसणार?"

"तुझी नोकरी जाणार म्हणून तू बोलतेस. मी आहे ना. मधल्या लॉन्ड्रीचं काउंटर सांभाळ."

"तिलाही काउंटरवर घेता का?"

"हे बघ," थोरला उठला. आता तो भिंतीशी बोलत नव्हता, त्यामुळे त्याचा आवाज खरा वाटला. "हे लोक निवडून येणार आहेत. आज नाही तर उद्या, सगळीकडे येणार आहेत. तेव्हा आपल्यातला एक तरी आत बसलेला बरा, की सगळ्यांनी बाहेर उभं राहून दारावर धक्के मारलेले बरे? मी हे माझ्या एकट्यासाठी करतोय का?"

"नाही नाही," नणंद म्हणाली, "जगाच्या कल्याणासाठीच करतोयस. तिकीट आपलं वाटेत पडलेलं सापडलं."

"वन्सं, पुरे," थोरली जाऊ म्हणाली, पण तिच्या आवाजात मघाचा जोर नव्हता. पोटुशी असताना दवाखान्यात डॉक्टर काय म्हणतोय ते तिलाही कळायचं नाही, आणि तेव्हा दुभाषी सेवाही नव्हती. ते तिला आठवलं असावं किंवा नुसती दमली असावी.

"आई, तू सांग," थोरला म्हणाला. "बोलशील ना?"

आईने दोरा दाताने तोडला. "येऊ दे त्याला," ती म्हणाली. "मी बोलेन."

धाकटीने हातातला कप जरा जोरातच खाली ठेवला. सासूबाई आपल्या बाजूच्या आहेत, असं तिने उगाच धरून ठेवलं होतं. थोरल्याने मात्र विजयी नजरेने चौफेर पाहिलं आणि आरशासमोर जाऊन टाय नीट केला.

नगरसेवक आला तो हसतच आला. उंच, गोरागोमटा, ज्याला त्याला खांद्यावर हात ठेवून बोलणारा. त्याच्यामागे कॅमेरा घेतलेला एक हडकुळा छायाचित्रकार, ज्याच्या चेहऱ्यावर रविवार बुडाल्याचं दुःख स्पष्ट दिसत होतं. नगरसेवकाने पडद्यांचं कौतुक केलं, चहाचं कौतुक केलं, आणि अशी कष्टाळू घरं शहराची शान आहेत, तुमच्या लोकांबद्दल मला आदरच आहे, असं ‘तुमच्या’वर जरा जास्त वेळ थांबून सांगितलं. मग तो आईसमोर खुर्ची ओढून बसला. छायाचित्रकाराने कॅमेरा चालू केला.

"काय आजी," नगरसेवक म्हणाला, "इथे येऊन किती वर्षं झाली?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. गोड हसली. आणि घरच्या भाषेत म्हणाली, "कोण रे हा बांबू? आणि याच्या पँटची दुमड कोणी घातली? एक पाय वर, एक पाय खाली."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि या घरात टाचण्या भरपूर पडतात.

"काय म्हणाल्या?" नगरसेवकाने थोरल्याला विचारलं.

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई म्हणते," तो इथल्या भाषेत म्हणाला, "आपल्या येण्याने आमच्या घराला शोभा आली."

नणंदेने तोंडाला पदर लावायचा प्रयत्न केला, पण ती पँटवाली बाई, त्यामुळे हातच तोंडावर दाबावा लागला. धाकटीने ट्रे घट्ट धरला. कोणी एक म्हणतो आणि कोणी भलतंच सांगतो, हे तिला कामावर ऐकावं लागतं ते फक्त नातेवाईक दुभाषी होतात तेव्हा. मुलगा आईचं दुखणं कमी करून सांगतो, नवरा बायकोचं बोलणं गिळूनच टाकतो. तिचे ओठ सवयीने हलायला लागले होते. ते तिने दातांखाली धरले.

"पण तुम्ही म्हणाला होतात त्यांना भाषा येते."

"येते, येते. जरा लाजते ती." थोरला आईकडे वळून घरच्या भाषेत दबक्या आवाजात म्हणाला, "आई, बस कर नाटक. दोन वाक्यं म्हण आणि मोकळी हो."

"याचं बरं चाललंय," आई नगरसेवकाकडेच बघत, हसत, सावकाश बोलायला लागली, हातवारे करत, जणू देशाच्या इतिहासावर व्याख्यान देतेय. "हा माझा मोठा मुलगा. शाळेत जाईपर्यंत अंथरुणात मुतायचा. बापाला घाबरून गादी स्वतःच उलटी करायचा आणि म्हणायचा, काही झालंच नाही. आजही तेच करतो."

ती थांबली. सगळे थोरल्याकडे बघायला लागले.

"आई म्हणते, मी लहानपणापासून स्वावलंबी होतो," थोरला म्हणाला.

आता थोरल्या जावेलासुद्धा हसू आवरेना. ती घाईघाईने स्वयंपाकघरात गेली आणि तिथून खोकल्यासारखे आवाज येऊ लागले. नगरसेवक बावळट नव्हता. एवढी माणसं हसतायत म्हणजे मधे काहीतरी गळतंय, हे त्याला कळलं. त्याने धाकटीकडे बोट केलं. "तुम्ही दुभाषी आहात ना? मग तुम्हीच सांगा त्या काय म्हणतायत ते."

किती सांगावंसं वाटलं तिला. पण ती म्हणाली, "माफ करा साहेब. नात्यातल्या माणसांसाठी करता येत नाही. नियम आहे. तुमच्या पालिकेचाच."

"मग काय करायचं?"

"दुभाषी सेवेला फोन लावा की," नणंद म्हणाली. चेहरा अगदी साधा. "रविवारीही चालू असतो. कोणालाही लावता येतो, नगरसेवकालासुद्धा."

"लावा साहेब," छायाचित्रकार म्हणाला. "असं तर मला काहीच वापरता येणार नाही."

नगरसेवकाने क्षणभर विचार केला. जे आपण बुधवारी बंद करणार ते आज वापरून बघितलं असं सांगता येईल, हे त्याला आवडलं असावं. त्याने स्वतःच्या खिशातून फोन काढला, धाकटीने सांगितलेला नंबर स्वतःच्या बोटाने दाबला, स्पीकर चालू करून फोन टीपॉयवर ठेवला. आईने कोट बाजूला ठेवला आणि ती सरसावून बसली.

"नमस्कार," पलीकडून एक म्हातारा, कोरडा आवाज आला. "मी दुभाषी बोलतोय. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी दुसऱ्या भाषेत सांगेन. काही गाळणार नाही, काही जोडणार नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की मीही ‘मी’ म्हणेन. बोला."

मग हेच त्याने घरच्या भाषेत सांगितलं. धाकटीने आवाज ओळखला. मास्तर. सेवेतले सगळ्यात जुने. शाळेतून निवृत्त झाल्यावर इकडे आले होते, आणि रविवारची पाळी दर वेळी मागून घ्यायचे, कारण घरी त्यांना कोणी बोलू द्यायचं नाही. नियमाला त्यांच्याइतकं चिकटलेलं माणूस अख्ख्या सेवेत नव्हतं. त्यांच्यासमोर कोणी शिंकलं तरी ते भाषांतर करतील, अशी ऑफिसात थट्टा चालायची.

"वा, काम झालं," नगरसेवक छायाचित्रकाराच्या कानाशी पुटपुटला. "लवकर आटप. आणि बाजूने घे, समोरून म्हातारीचं नाक फार मोठं दिसतंय."

"वा, काम झालं," मास्तर टीपॉयवरून घरच्या भाषेत खणखणीत म्हणाले. "लवकर आटप. आणि बाजूने घे, समोरून म्हातारीचं नाक फार मोठं दिसतंय."

"नाक माझ्या बापाचं आहे," आई म्हणाली. "त्याने जिथे तिथे खुपसून खुपसून ते झिजवायचा प्रयत्न केला, झिजलं नाही."

मास्तरांनी तेही सांगितलं. नगरसेवकाचं हसू तोंडावरच वाळलं. "अहो, ते मी तुम्हाला सांगायला सांगितलं नव्हतं," तो फोनवर ओरडला.

"अहो, ते मी तुम्हाला सांगायला सांगितलं नव्हतं," मास्तरांनी आईला सांगितलं.

आता नणंद उघडपणे हसत होती, छायाचित्रकारानेही कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं होतं, आणि स्वयंपाकघरातून थोरली जाऊ दाराशी येऊन उभी राहिली होती. धाकटीला तर आपल्या धंद्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. थोरला तेवढा घामाघूम होऊन खाली बघत उभा होता. त्याची तिला जरा दयाही आली.

पण आनंद फार टिकला नाही. नगरसेवक खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक नवीन हसू पसरलं. मघाचं हसू पाहुण्याचं होतं. हे निवडणुकीतलं होतं.

"थांब थांब," तो छायाचित्रकाराला म्हणाला. "हे तर आणखी चांगलं झालं. अख्खं आयुष्य या शहरात काढलं, इथलं पाणी प्यायली, इथे दुकान चालवलं, आणि या बाईला आपल्या भाषेतला एक शब्द येत नाही. का येत नाही? कारण आपण दुभाषी देतो. लाड करतो. बुधवारी मला हेच दाखवायचंय. एवढं घेतलंस ना?"

"घेतलं," छायाचित्रकार म्हणाला, पण आता तो हसत नव्हता.

मास्तरांनी शब्द न् शब्द घरच्या भाषेत सांगितला. ‘लाड करतो’सुद्धा. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. नणंदेचं हसू गेलं. सासूबाईंची गंमत त्यांच्यावरच उलटली होती. नगरसेवकाला फजीत करायचं म्हणून त्यांनी भाषा येत नसल्याचं सोंग घेतलं, आणि त्या सोंगाचंच त्याने भांडवल केलं. कात्रीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कापड चुकीच्या बाजूने कापलं होतं, आणि ते कॅमेऱ्यात होतं.

आई कॅमेऱ्याकडे वळली. मग इथल्या भाषेत, गल्लीतल्या अगदी पक्क्या उच्चारात म्हणाली, "कॅमेरा बंद करू नको रे पोरा. अजून संपलं नाही."

नगरसेवक खुर्चीतून अर्धा उठला. "तुम्हाला येतं?"

"येतं. तुझ्या वडिलांच्या पँटी मी दर वर्षी कमरेत सैल करून द्यायचे, तेव्हापासून येतं. भला माणूस होता, शिलाईसाठी कधी हुज्जत घातली नाही."

"मग तेच तर मी म्हणतोय," नगरसेवक लगेच म्हणाला. त्याला सावरायला कितीसा वेळ लागणार. "शिकता येतं. तुम्ही शिकलात. मग दुभाषी कशाला हवा?"

छापा पडला तरी तो जिंकणार, काटा पडला तरी तोच. धाकटीला रडायलाच आलं. भाषा येत नाही म्हणून सेवा बंद, येते म्हणून बंद. फोनवरच्या मास्तरांना खोली दिसत नव्हती. कोण कोणती भाषा समजतं याची त्यांना पर्वाही नव्हती. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगायचं, एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून आई इथल्या भाषेत बोलली की ते घरच्या भाषेत सांगत होते, आणि घरच्यांना त्यांच्याच आईचं बोलणं त्यांच्याच भाषेत, परक्या माणसाच्या तोंडून ऐकू येत होतं.

"मागच्या थंडीत मला इस्पितळात नेलं," आई म्हणाली. "दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली. शेजारच्या चांभाराने गाडीत घातलं. घरी मी सांगितलं, पित्त झालं होतं."

"घरी मी सांगितलं, पित्त झालं होतं," मास्तर म्हणाले.

थोरल्याने मान वर केली.

"तिथे डॉक्टरीणबाई मला विचारत होती, काय होतंय, आधी कधी झालंय का, कुठलं औषध चालत नाही. तिचं सगळं मला कळत होतं. पण माझ्या तोंडात एक शब्द येईना. तुझ्या भाषेतला एक शब्द येईना. आयुष्यभर वापरलेली भाषा, कुठे गेली कोणास ठाऊक. मी बोलतेय ते सगळं घरच्याच भाषेत येत होतं, लहानपणीच्या. मी आईला हाका मारत होते. माझी आई मरून किती काळ झाला."

मास्तर तिच्या मागोमाग बोलत होते. "मी आईला हाका मारत होते," तो म्हातारा आवाज घरच्या भाषेत म्हणाला, "माझी आई मरून किती काळ झाला."

"ती म्हणाली, बाई भ्रमलीय. इंजेक्शन भरलं. ते मला चालत नाही. एकदा दिलं होतं तेव्हा घसा सुजून मरता मरता वाचले होते. मी हात मागे ओढतेय आणि दोघं धरतायत. मला खूप भीती वाटली. मरायची नाही, कोणाला काही सांगता न येता मरायची. मग एक म्हातारा माणूस आत आला. खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसला आणि आमच्या भाषेत म्हणाला, बोला ताई, मी सगळं सांगतो. त्याच्या स्वेटरच्या कोपराला हे एवढं भोक होतं."

फोनवर पहिल्यांदाच शांतता झाली. धाकटी फोनकडे वळली. मास्तरांचा तो राखाडी स्वेटर तिने रोज पाहिलेला. त्यांनी तिला कधी अक्षरही सांगितलं नव्हतं, की तुझ्या सासूला मी इस्पितळात भेटलो. ज्याचं बोलणं त्याचं, दुभाष्याचं नाही, हा पण नियमच.

"...त्याच्या स्वेटरच्या कोपराला," मास्तर जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे एवढं भोक होतं."

"म्हणून मी जिवंत आहे," आई म्हणाली. "मला गरज पडली नाही, असं मी म्हणणार नाही. पडली. मी हे थोरल्याला सांगितलं नाही, कारण तो म्हणाला असता, दुकान बंद कर. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. एवढं शिकून ऐन वेळेला सगळं विसरले, याची."

मास्तरांनी शेवटपर्यंत सांगितलं. "मला लाज वाटली" हे त्यांनी आईपेक्षाही हळू सांगितलं. थोरली जाऊ येऊन आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दोन दिवस ती याच खुर्चीला पाठ फिरवून उशा बडवत होती.

नगरसेवकाने घसा साफ केला. "आजी, वाईट वाटलं ऐकून. खरंच. पण एका प्रसंगावरून धोरण ठरत नसतं." मास्तर तेही सांगायला लागले तसा तो थोरल्याकडे वळला आणि अहो-जाहो सोडून सरळ म्हणाला, "चल, वेळ झाली. हे आपण बघू काय वापरायचं ते. तू बुधवारी येतोयस ना? तिघांना मी शब्द दिलाय. तू उभा राहिला नाहीस तर ते हलणार नाहीत."

थोरला आईकडे बघत होता. त्याचा टाय एका बाजूला गेला होता आणि त्याने तो नीट केला नव्हता. मग तो घरच्या भाषेत म्हणाला, "मी येणार नाही."

"मी येणार नाही," टीपॉयवरून मास्तर इथल्या भाषेत म्हणाले.

"उभा राहिलो तर मला सांगावं लागेल, की माझ्या आईला कोणाची गरज पडली नाही," थोरला म्हणाला. "ती मरत होती आणि मला पित्त सांगून मोकळी झाली. मीच तिला तसं शिकवलं असणार. मला तिकीट नको."

मास्तरांनी सांगितलं. नगरसेवक फोनकडे बघत होता, मग थोरल्याकडे, मग पुन्हा फोनकडे. आपल्याच उमेदवाराचं बोलणं समजायला त्याला टीपॉयकडे कान द्यावा लागत होता. त्याचा चेहरा लाल झाला.

"माझ्याशी हे काय लावलंयस?" तो म्हणाला. "तुला माझी भाषा चांगली येते. सभेत भाषणं करतोस माझ्या भाषेत. तोंडावर सांग ना मला."

थोरल्याने सांगायचा प्रयत्न केला, हे धाकटीने पाहिलं. त्याचे ओठ हलले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने इस्त्रीच्या बाहीने पुसलं. जो शब्द शोधत होता तो त्याला मिळाला नाही, आणि मिळाला तो घरचाच. तोच त्याने म्हटला.

फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याने थोरल्याचं बोलणं फक्त ऐकलं आणि नगरसेवकाला आपल्या स्वच्छ, कोरड्या आवाजात सांगितलं, "येते साहेब. पण आत्ता येत नाहीये."